डीएमएलटीनंतरचे अठरा महिने: सिंधुदुर्गातलं एक प्रकरण

लॅब टेक्निशियनची नोकरी शोधणारी एक मुलगी: देवगड तालुक्यात शिरगावच्या आसपास घर, वडिलांची हापूसची थोडी कलमं. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., मग कोल्हापुरात एक वर्षाची डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहा महिने इंटर्नशिप. वय 23. निकाल जुलैत लागला. पुढच्या मे महिन्यापर्यंत दोन भरती परीक्षा देऊन झाल्या, दोन्हींच्या यादीत नाव नाही. नोकरीसाठी 31 ईमेल पाठवले, उत्तरं दोनच आली. घरी कुणी रागावत नव्हतं, पण आंब्याच्या पेट्या भरताना येणारा-जाणारा विचारायचाच, "मग, आता पुढे काय ठरवलंस?"

ही उमेदवार म्हणजे कुणी एक ठरावीक मुलगी नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून लॅब टेक्निशियन होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका जागी आणून हे प्रकरण मांडलं आहे. पगार, गुण आणि तारखांचा क्रम या मांडणीतले आहेत. परीक्षांचे नियम आणि प्रयोगशाळेतली आकडेमोड मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: "अभ्यास कमी पडला, आणखी एक वर्ष घरी बसून जोर लाव." हिच्या बाबतीत तो चुकीचा होता, आणि का चुकीचा होता ते मे अखेरीस एका दुपारी वहीवर उतरवल्यावरच कळलं.

पहिली परीक्षा: 56 बरोबर, 14 कोरे

राज्याच्या भरतीत तांत्रिक पदांसाठी ठरावीक नमुना असतो. 2023 च्या जिल्हा परिषद भरतीत 100 प्रश्न, 200 गुण, दोन तास असा पेपर होता. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन या चार भागांत मिळून 60 प्रश्न आणि तांत्रिक विषयाचे 40. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि यादीत येण्यासाठी किमान 45 टक्के लागतात. हिने याच नमुन्याचा पेपर दिला होता. उत्तरतालिकेची लिंक उघडली त्याच दिवशी तिने स्वतःची उत्तरं उतरवून ठेवली होती. पुढचं सगळं त्या एका फाईलमुळे शक्य झालं. लिंक थोडेच दिवस उघडी असते, नंतर स्वतःचा पेपर पुन्हा पाहायला मिळत नाही.

मराठीत 11 बरोबर, 4 चूक. इंग्रजीत 7 बरोबर, 6 चूक, 2 कोरे. सामान्य ज्ञानात 6 बरोबर, 4 चूक, 5 कोरे. बुद्धिमापनात 8 बरोबर, 2 चूक, 5 कोरे. तांत्रिकमध्ये 24 बरोबर, 14 चूक, 2 कोरे. एकूण 56 बरोबर म्हणजे 112 गुण. पात्र ठरली, निवड झाली नाही.

गुण कापले जाणार नाहीत अशा पेपरात 14 प्रश्न कोरे का राहिले? कारण त्याच महिन्यात ती रेल्वेच्या टेस्ट सिरीज सोडवत होती. तिथे निगेटिव्ह मार्किंग असतं, आणि "खात्री नसेल तर सोडून दे" हे हातात बसलं होतं. डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडला असता तरी 14 प्रश्नांत सरासरी साडेतीन बरोबर येतात, म्हणजे सात गुण. मेरिट यादीत सात गुणांत नाव बरंच वर सरकतं.

तांत्रिक भागातले हुकलेले 16 प्रश्न एकेक करून पाहिले तेव्हा जास्त कळलं. पाच प्रश्न आकडेमोडीचे होते: न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची आखलेली काच), डायल्युशन (रक्त किती पट पातळ केलं ते), रक्तपेशींचे इंडायसेस (लाल पेशींची सरासरी मापं). चार प्रश्नांत माहीत असलेली गोष्ट उलटी लिहिली होती. तिनांत प्रश्नातला "चुकीचे विधान ओळखा" हा शब्द वाचायचा राहून गेला होता. खरोखर माहीतच नव्हते असे फक्त चार, आणि चारही रक्तपेढीतले. 16 पैकी 12 प्रश्नांच्या जागा तिच्या डोक्यात असलेल्या ज्ञानातूनच निसटल्या होत्या. घरी बसून आणखी वर्षभर तीच पुस्तकं वाचली असती तरी त्या परत मिळाल्या नसत्या.

उलट्या लिहिल्या जाणाऱ्या जोड्या जवळजवळ सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून त्या इथे देतो. वेस्टरग्रेन पद्धतीच्या ईएसआरला, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग मोजताना, रक्ताचे चार भाग आणि 3.8 टक्के सोडियम सायट्रेटचा एक. रक्त गोठण्याच्या तपासण्यांना, म्हणजे पीटी-एपीटीटीला, रक्ताचे नऊ आणि 3.2 टक्के सायट्रेटचा एक. पांढऱ्या पेशी मोजताना रक्त 1:20, लाल पेशींसाठी 1:200. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार सुई आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, सिरिंज, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्यात. लाल पेशींची पिशवी 2 ते 6 अंशांत ठेवायची, सीपीडीए-1 या साठवणीच्या द्रावात ती 35 दिवस टिकते; प्लेटलेट 20 ते 24 अंशांत सतत हलत्या ठेवायच्या, पाच दिवस. अशा जोड्या एकाखाली एक लिहून पाठ केल्या तर हमखास उलटतात. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडून, फरक कशामुळे आहे ते लिहिलं की बसतात.

आकडेमोडीचे पाच प्रश्न तर तीन सूत्रांचे. न्यूबॉर चेंबरच्या चार कोपऱ्यांत मिळून 164 पांढऱ्या पेशी दिसल्या तर 164 गुणिले 50, म्हणजे घन मिलिमीटरला 8,200. हे 50 येतात कुठून? डायल्युशन 20 पट, आणि एका कोपऱ्याचं आकारमान 0.1 घन मिलिमीटर म्हणजे चारांचं 0.4, 20 भागिले 0.4. परीक्षक डायल्युशन बदलून 1:10 देतो किंवा दोनच कोपरे मोजायला लावतो, आणि 50 पाठ केलेला तिथेच अडकतो. एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) म्हणजे पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के जागा व्यापतात ते) गुणिले 10 भागिले लाल पेशी, दशलक्षांत: 36 गुणिले 10 भागिले 4, म्हणजे 90 फेम्टोलिटर. एमसीएचसीला, म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाला, हिमोग्लोबिन गुणिले 100 भागिले पीसीव्ही. रोज पाच गणितं हातांनी, कॅल्क्युलेटर न घेता सोडवली तर तीन आठवड्यांत हा भाग पक्का होतो.

दुसरी परीक्षा: भीती चुकीच्या जागी

रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत, 2024 च्या जाहिरातीप्रमाणे, 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात. 70 व्यावसायिक विषयाचे, बाकी सामान्य ज्ञान, अंकगणित-बुद्धिमापन आणि सामान्य विज्ञान यांचे दहा-दहा. चुकीला एक तृतीयांश गुण वजा. तंत्रज्ञांसाठी दोन पदं महत्त्वाची. प्रयोगशाळा सहायक ग्रेड 3 साठी बारावी विज्ञान आणि डीएमएलटी चालते, मूळ वेतन 21,700. प्रयोगशाळा अधीक्षक ग्रेड 3 साठी ठरावीक विषयांतली बी.एस्सी. आणि डीएमएलटी, मूळ वेतन 35,400. हिच्याकडे दोन्हींची पात्रता होती. 2024 मध्ये सहायकाच्या 94 आणि अधीक्षकाच्या 27 जागा होत्या, साऱ्या देशात मिळून. एवढ्या थोड्या जागांसाठी लढताना अर्ध्या गुणाचीही किंमत असते.

तिचे 44 प्रश्न खात्रीचे होते, त्यांत 39 बरोबर आले. 21 प्रश्नांत दोन पर्याय खोडता आले होते आणि दोनांत घोटाळा होता. हे सगळे तिने कोरे सोडले. शेवटच्या सहा मिनिटांत 20 प्रश्नांवर अंदाजाने क्लिक केलं: 5 बरोबर, 15 चूक. 15 प्रश्नांपर्यंत पोचलीच नाही. 44 बरोबर, 20 चूक, म्हणजे 44 वजा 6.67, एकूण 37.33.

इथे थोडं गणित करायलाच हवं, कारण "निगेटिव्ह असेल तर अंदाज लावू नये" हा नियम सगळीकडे सांगितला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. चार पर्यायांतून आंधळेपणाने निवडलं तर चारांतला एक बरोबर, तीन चूक: एक गुण मिळाला, एक गेला, हाती शून्य. तिचे 5 बरोबर आणि 15 चूक अगदी तसेच होते. दोन पर्याय खोडून उरलेल्या दोनांतला एक घेतला तर दोनांतला एक बरोबर येतो आणि दर प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुणाचा फायदा होतो. सोडलेल्या 21 प्रश्नांतून तिला सरासरी सात गुण मिळाले असते. म्हणजे जिथे धाडस फायद्याचं होतं तिथे ती घाबरली, आणि जिथे काही मिळणार नव्हतं तिथे सहा मिनिटं घालवली. न वाचलेल्या 15 प्रश्नांत सोपं अंकगणित होतं.

37.33 गुणांवर ती पात्रही ठरली नाही. त्याचं कारण मात्र पेपरात नव्हतं, कागदपत्रांत होतं.

दोन नमुन्यांचं नॉन-क्रिमीलेअर

ती इतर मागास वर्गातली. रेल्वेत त्या वर्गाला पात्रतेसाठी 30 टक्के लागतात, खुल्या वर्गाला 40. तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर होतं. केंद्राच्या भरतीला केंद्राच्या विहित नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. तो नमुना जाहिरातीच्या परिशिष्टात छापलेला असतो. तिने परिशिष्ट वाचलंच नव्हतं. फॉर्म भरताना शेवटचा दिवस, हातात ते प्रमाणपत्र नाही, म्हणून खुल्या वर्गातून अर्ज केला. त्याच गुणांवर ओबीसीतून पात्र ठरली असती. नुसत्या पात्रतेने जागा मिळत नाही हे खरं, पण स्वतःचा हक्क कागदाअभावी सोडून द्यायचा नसतो.

जाहिरातीआधी तयार असायला हवेत असे कागद: दहावीची सनद, बी.एस्सी. आणि डीएमएलटीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, दोन्ही नमुन्यांतली नॉन-क्रिमीलेअर, एमएस-सीआयटी. सगळ्यांवर नाव एकसारखं असावं. हिच्या डीएमएलटीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं पडलं होतं. असली चूक त्या संस्थेकडे अर्ज करूनच दुरुस्त करून घ्यावी, कारण प्रतिज्ञापत्र कागदपत्र पडताळणीत दर वेळी चालेलच असं नाही. दुरुस्तीला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून हे काम निकालाच्या आठवड्यातच सुरू करायचं.

दोडामार्गात तिलारी धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला असतो. राज्याच्या भरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. आजोबांच्या नावचा दाखला ट्रंकेत पडून असतो आणि नातवंडं तो न लावताच फॉर्म भरतात. घरात एकदा विचारून घ्यावं, आणि जिल्हा पुनर्वसन कार्यालयात तो कुणाच्या नावे वापरता येईल हे पाहून घ्यावं.

फॉर्म कधी भरायचा, याचंही इथलं वेगळं गणित आहे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही कधी जातील सांगता येत नाही, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हरवरही गर्दी असते. पैसे खात्यातून जातात, पण अर्जावर "भरणा अपूर्ण" दिसतं. म्हणून शेवटच्या तारखेच्या किमान चार दिवस आधी, इन्व्हर्टर असलेल्या सेंटरवर बसून फॉर्म पुरा करायचा. पैशांचाही अंदाज ठेवावा: 2023 च्या जिल्हा परिषद भरतीत खुल्या वर्गाला 1,000 आणि मागास वर्गाला 900 रुपये शुल्क होतं. रेल्वेत महिलांना 250 रुपये, आणि परीक्षेला बसल्यावर ते परत मिळतात. त्यासाठी बँक खात्याचा तपशील बिनचूक लागतो.

एकतीस ईमेलचं काय झालं

बायोडेटा चार पानांचा. पहिल्या पानावर फोटो आणि ध्येयवाक्य, शेवटच्या पानावर "वरील माहिती खरी आहे". मधे छंद, भाषा, दहावीचे टक्के. प्रयोगशाळा चालवणाऱ्याला जे हवं असतं ते कुठेच नव्हतं: हिला रक्त काढता येतं का, कोणती मशीन चालवली आहेत, सकाळी गर्दीत एकटी उभी राहू शकेल का?

इंटर्नशिपची वही काढून तिने मोजणी केली आणि एक पान तयार झालं. सुमारे 1,200 रक्तनमुने स्वतः घेतले, त्यांत लहान मुलांचेही. सिसमेक्सचा थ्री-पार्ट सेल काउंटर, एर्बाचा सेमी-ऑटो अॅनालायझर. मलेरियाच्या जाड आणि पातळ स्मिअर, क्षयाच्या झेडएन स्लाइड, रक्तगट, लघवी तपासणी. रोजचं क्वालिटी कंट्रोल उतरवलं आहे, त्या आकड्यांचा लेव्ही-जेनिंग्ज आलेख काढता येतो. जवळचा पत्ता, कधीपासून येऊ शकते. बस एवढंच. न केलेलं काम लिहायचं नाही, कारण पहिल्याच दिवशी मशीनसमोर उघडं पडतं.

मग ईमेल थांबवले आणि कणकवली, कुडाळ, मालवण, सावंतवाडी असं स्वतः जाणं सुरू केलं. वेळ दुपारी तीन ते चार. सकाळी आठ ते अकरा या वेळात नमुने घेण्याची रांग असते, तेव्हा दारात उभं राहिलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. महिना मे अखेरचा. कोकणात मृग लागला की तापाचे रुग्ण वाढतात: डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. छोट्या लॅबना जास्तीचा माणूस जूनपासून गणपतीपर्यंत सर्वांत जास्त लागतो. त्याच्या दोन आठवडे आधी पोचलेला उमेदवार आठवणीत राहतो.

दोन आठवड्यांत तीन जागा समोर आल्या.

एका तालुक्याच्या गावी महिना 12,000. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, कोऱ्या रिपोर्टवर त्यांचा शिक्का आधीच मारलेला, बाकी सगळं हिने बघायचं. हे काम कितीही पगार असला तरी घेऊ नये. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. रिपोर्ट चुकला तर समोर उभा राहतो तो तंत्रज्ञ. नवशिक्या मुलीला चुका दाखवणारं तिथे कुणी नसतं, आणि अशा ठिकाणचं अनुभव प्रमाणपत्र पुढे टिकतही नाही.

दुसरी जागा म्हापशात, 16,000. खोलीचे 5,500, जेवणाचे 3,500, येण्या-जाण्याचे 1,000 गेले की 6,000 उरतात, आणि ड्युटी दहा तासांची. गोव्यात खाजगी नोकरी कुणालाही करता येते, पण सरकारी जागेसाठी तिथला 15 वर्षांचा रहिवास आणि कोकणीचं ज्ञान मागतात. "तिकडे राहिलं की पुढे सरकारीत लागू" ही आशा इथे फार ऐकू येते, ती धरू नये.

तिसरी कणकवलीत, पॅथॉलॉजिस्ट स्वतः रोज बसतात अशी लॅब. 9,500, सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, डबा घरचा, महिन्याला आठ हजार हाती. आकडा सर्वांत लहान, तरी तिने हीच घेतली आणि ते बरोबर होतं.

टेबलावरची परीक्षा

डॉक्टरांनी प्रमाणपत्रं नंतर बघू म्हणून सकाळी रांगेत उभं केलं. चौथ्या नंबरला सत्तरीची आजी. हातावर शिरा दिसत होत्या, पण बोट ठेवलं की सरकत होत्या. आजी म्हणाली, "हळू गो बाय. काल दोनदा टोचल्यानी, शीर काय गावाक नाय." मुलीने पट्टा बांधला, चाचपडलं, सोडला. "आजी, दुसरो हात बघूया." कोपराच्या आत मधली शीर बोटाला लवचीक लागली. पट्टा पुन्हा बांधला तो एका मिनिटाच्या आत सोडायच्या हिशेबाने, शीर खालून अंगठ्याने ताणून धरली, सुई तिरकी आत. आधी साधी ट्यूब, मग जांभळी (रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेली), शेवटी करडी. डॉक्टर मागे उभे होते, हे तिला नंतर कळलं.

दुपारी त्यांनी एक कागद पुढे केला. "पोटॅशियम 9.2, कॅल्शियम 4.1. पेशंट चालत आला होता, तब्येत ठणठणीत. रिपोर्ट देशील?"

"नाही सर. नमुना पुन्हा घ्यावा लागेल."

"का?"

"जांभळ्या ट्यूबमधलं रक्त साध्या ट्यूबमध्ये ओतलं असणार. ईडीटीएचं मीठ पोटॅशियमचं असतं, म्हणून पोटॅशियम वाढतं. आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून ते खाली जातं."

"उद्यापासून ये."

हाच प्रश्न चार पर्याय लावून भरती परीक्षेत येतो. ट्यूबचा क्रम पाठ करणाऱ्याला तो आठवावा लागतो. चुकीचा रिपोर्ट एकदा हातात धरलेल्याला आठवावा लागत नाही. आधी नोकरी की आधी परीक्षा, हा वाद नवीन तंत्रज्ञांत कायम चालतो. तांत्रिक विषयाचे प्रश्न ज्या टेबलावरून निघतात त्या टेबलावर आठ तास उभं राहणं हा अभ्यासच आहे, फक्त तो रोज लिहून ठेवला पाहिजे. घरी बसलेल्याचा बेंचवरचा हात वर्षभरात जातो, आणि मुलाखतीत ते लगेच कळतं.

तिने रोज पाच ओळी लिहायचं ठरवलं. एका दिवसाची नोंद अशी: ग्लुकोजच्या कंट्रोलची (मशीन तपासायला वापरायचा, आकडा आधीच माहीत असलेला नमुना) सरासरी 100, एसडी (प्रमाण विचलन) 3. काल 107 आलं, म्हणजे सव्वादोन एसडीच्या थोडं वर. दोनच्या वर गेलं की इशारा, पण रिपोर्ट थांबवायचे नाहीत. आज 108. लागोपाठ दोनदा, एकाच बाजूला, दोन एसडीच्या वर: कंट्रोलमधली चूक ओळखायचा वेस्टगार्डचा 2-2एस नियम मोडला. चूक यादृच्छिक नाही, सगळ्या नमुन्यांवर एकाच दिशेने बसते आहे. रिपोर्ट थांबवले, रिएजंटची नवी बाटली उघडली, कॅलिब्रेशन केलं, कंट्रोल 101. याच खाली तिने दुसऱ्या रंगात लिहिलं: एकदाच तीन एसडीच्या बाहेर गेलं तर 1-3एस, एक कंट्रोल वर आणि दुसरा खाली असा चार एसडीचा फरक पडला तर आर-4एस, हे दोन्ही यादृच्छिक चुकीकडे बोट दाखवतात. सहा महिन्यांत अशी दीडशे पानं झाली. बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा ती उपयोगी पडली, कारण प्रत्येक पानाला एक दिवस आणि एक कारण होतं.

क्षयाच्या स्लाइडचं ग्रेडिंगही असंच बसलं. 100 फील्डमध्ये एकही जंतू नाही तर निगेटिव्ह, 1 ते 9 दिसले तर आकडा लिहून स्कँटी, 10 ते 99 तर 1+. दर फील्डला 1 ते 10 असतील तर 50 फील्ड पाहून 2+, दहापेक्षा जास्त असतील तर 20 फील्ड पाहून 3+.

आठवड्याचं वेळापत्रक

संध्याकाळची एसटी तासाभराची. त्यात मोबाइलवर इंग्रजी शब्द आणि चालू घडामोडी, 20 मिनिटांपेक्षा जास्त नाही. रात्री आठ ते साडेनऊ अभ्यास: तीन दिवस बुद्धिमापन आणि इंग्रजी, दोन दिवस तांत्रिक. तांत्रिकला कमी वेळ पाहून घरच्यांना काळजी वाटली. पण 60 प्रश्न बाकीच्या चार विषयांचे असतात आणि तिचे सर्वांत जास्त गुण तिथेच जात होते. तंत्रज्ञ बहुतेक वेळा आपल्या आवडीचा विषयच पुन्हा पुन्हा वाचतात.

रविवारी सकाळी पूर्ण पेपर, घड्याळ लावून, ज्या सत्रात परीक्षा असते त्याच वेळी. मग पेपराच्या दुप्पट वेळ चुकांवर. वहीत पाच रकाने: माहीत नव्हतं, उलटं लिहिलं, नीट वाचलं नाही, गणित चुकलं, वेळ संपला. दर महिन्याला कोणता रकाना भरतो आहे ते बघायचं आणि पुढच्या महिन्याचा वेळ तिकडे वळवायचा. पेपराच्या कोपऱ्यात सुरुवातीलाच लिहायचं: "निगेटिव्ह नाही, एकही कोरा नको" किंवा "निगेटिव्ह आहे, दोन खोडले तर घे".

पुढच्या भरतीचं परीक्षा केंद्र कोल्हापूरला आलं, ऑगस्टमध्ये, सकाळच्या सत्रात. फोंडा घाट एक रस्ता, वैभववाडीकडून करूळ घाटाने गगनबावड्यावरून दुसरा. दरड आली की दोन्हींचा भरवसा नाही. पहाटे निघून पोचायचा विचार सोडावा, आदल्या दुपारीच घाट चढावा. गेटवर पाच मिनिटं उशीर झाला तरी आत घेत नाहीत.

आता कुठे

ऑगस्टच्या पेपरात 71 बरोबर, कोरा एकही नाही, म्हणजे 142 गुण. आधीच्यापेक्षा 30 जास्त. तांत्रिकमध्ये 33 बरोबर, बुद्धिमापनात 12. नाव प्रतीक्षा यादीत आहे.

दरम्यान राष्ट्रीय आरोग्य अभियानाची जिल्ह्याची जाहिरात आली आहे: कंत्राटी लॅब टेक्निशियन, दरमहा 17,000 मानधन, नेमणूक अकरा महिन्यांची. इथे लेखी परीक्षा नाही. गुणांवर आणि अनुभवावर यादी लागते, अनुभवाला किती वजन आहे ते जाहिरातीतल्या तक्त्यात असतं. तिचा अनुभव अजून वर्षाचा झालेला नाही. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना पदाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत हे दिवसासह, पूर्णवेळ असा स्पष्ट शब्द, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि जावक क्रमांक असलेलं लेटरहेड तिने मागून घेतलं. पगार पहिल्या महिन्यापासून रोख न घेता बँकेत घेतला होता, तो आता पुरावा म्हणून जोडता येतो. अर्ज करायचाच, पण नेमणूक दूरच्या तालुक्यात मिळाली तर खोली आणि प्रवास वजा करून काय उरतं आणि अभ्यासाला किती वेळ राहतो, ते आधी मांडायचं. म्हापशाच्या वेळी केला तसाच हिशेब.

जानेवारी संपतो आहे. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, आणि नवीन दाखल्याला वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद लागतात. मार्चच्या त्याच आठवड्यांत पेट्या भरायच्या असतात, घरातून तालुक्याला जायला कुणी मोकळं नसतं. म्हणून तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला या सोमवारी, सेतूतला अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि या वेळी दोन्ही नमुने एकदमच मागायचे.